ज्याला नाकारायचे, त्याचे आधी ऐका

कॅनडात ४ एप्रिल हा निर्वासितांच्या हक्कांचा दिवस म्हणून पाळतात. १९८५ साली याच तारखेला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिंह खटल्याचा निकाल दिला. अर्जदारांत भारतातून गेलेले शीख होते. त्या काळी आश्रय मागणाऱ्याची शपथेवरची जबानी एक अधिकारी घेई, तिची प्रत सल्लागार समितीकडे जाई आणि समितीच्या सल्ल्यावरून मंत्र्यांच्या नावे निर्णय होई. समिती त्या माणसाला कधी भेटत नसे. तिच्याजवळची त्याच्या देशाविषयीची माहितीही त्याला दाखवली जात नसे, मग तो ती खोडून काढणार कशी? पुढे अपील मंडळ होते, पण कागद वाचून दावा टिकेलसे वाटले तरच ते सुनावणी देई. सहा न्यायमूर्तींपैकी तिघांनी १९८२ च्या हक्कांच्या सनदेचा आधार घेतला, तिघांनी १९६० च्या हक्कविषयक कायद्याचा. पण ही पद्धत न्याय्य नाही, यावर सहाही जणांचे एकमत झाले. माणूस खरे बोलतो की खोटे, हाच प्रश्न असेल तर त्याला समोर बसवून ऐकलेच पाहिजे, असे न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी बजावले.

यावर आक्षेप येतो की खोटे दावे पुष्कळ असतात आणि प्रत्येकाला सुनावणी द्यायची तर वर्षे जातील. वेळ लागतो, हे खरेच. पण खोटेसुद्धा उलटतपासणीतच उघडे पडते, आणि खऱ्या पीडिताजवळ बहुधा स्वतःच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो. छळ करणारे सरकार छळाचा दाखला देत नाही. न्यायालये परदेशी माणसांना देशात घुसवतात, ही तक्रार तर वस्तुस्थितीला धरून नाही. नकाराचे पुनर्विलोकन करणारे फेडरल न्यायालय सहसा स्वतः कोणाला निर्वासित ठरवत नाही. निर्णय योग्य रीतीने झाला का, त्याची कारणे पटण्याजोगी आहेत का, एवढेच ते पाहते; दोष आढळला तर प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवते.

मला खरी उणीव दिसते ती त्या न्यायालयाच्या दारातच. आत जायला आधी परवानगी लागते. ती नाकारताना सहसा कारणे दिली जात नाहीत आणि त्या नकारावर अपीलही नाही. ज्याला परत पाठवले जाणार आहे, त्याला निदान चार ओळींत कारण लिहून मिळाले पाहिजे.