नव्या सोयींचे भाकीत



पाडव्याच्या दिवशी आपल्यापैकी पुष्कळांनी पंचांगातले वर्षफल वाचले असेल. मृगाचे वाहन कोणते, पाऊस किती, धान्य महाग होणार की स्वस्त, हे सारे तेथे छापलेले असते. बेडूक वाहन निघाले की शेतकऱ्याला बरे वाटते; परंतु तेवढ्यावर विसंबून तो पेरणी करीत नाही. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर आणि किती उंच बांधले, मुंग्या अंडी घेऊन कोठे निघाल्या, हे तो पाहतो. भाकिताचे हे दोन प्रकार आहेत. एक छापून येते. दुसरे डोळे उघडे ठेवून करावे लागते. आज आम्ही बोलणार आहो ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

संगणकावर आणि फोनवर गाणे ऐकण्याची जी सॉफ्टवेअरे आहेत त्यांत उद्या कोणत्या नव्या सोयी येतील, हा आजचा विषय. वर्षातून दोनचारदा कंपन्यांचे समारंभ होतात, आणि त्याआधी महिनाभर तर्कांना ऊत येतो. हे तर्क बहुधा पंचांगाच्या जातीचे असतात. एखादी सोय आपल्याला हवी असते, म्हणून ती येणारच असे आपण धरून चालतो. आम्हीही पुष्कळदा असे चुकलो आहो. त्या चुकांतून जे शिकलो ते सांगण्यासाठी एकच उदाहरण घेतो, ॲपल कंपनीच्या आयट्यून्सचे. ते ९ जानेवारी २००१ रोजी जन्माला आले, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मॅक संगणकावर त्याचे संगीत, पॉडकास्ट आणि चित्रपट-मालिका असे तीन सवते संसार झाले. एवढे सलग आयुष्य समोर असले म्हणजे भाकिते तपासून पाहता येतात.

पहिली खूण अशी, की लोक जेथे हाताने कष्ट काढीत असतात तेथे सोय येते. २००४ साली ध्वनिमुद्रित भाषणे, गप्पा, मुलाखती इंटरनेटवरून उतरवून घेऊन खिशातल्या आयपॉडमध्ये भरण्याचा नाद काही हौशी मंडळींना लागला. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागे. ते नवा भाग उतरवून घेई, मग तो यंत्रात जाई. खटाटोप होता, पण माणसे तो आनंदाने करीत. पॉडकास्ट हा शब्दही त्याच वर्षी छापून आला. ज्याने हा खटाटोप पाहिला त्याला ज्योतिषाची गरज नव्हती. २८ जून २००५ रोजी आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आले, आणि पहिल्या दोन दिवसांत दहा लाख नोंदण्या झाल्या.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. ख्यालाच्या तबकडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग पाडलेले असत, पण गायन सलग असे. संगणकावर घेतले की त्या दोन भागांच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडे. समेवर येणारा हात हवेतच राही. पाश्चात्त्य ऑपेराच्या श्रोत्यांचीही हीच तक्रार होती. माणसे दोन तुकडे हाताने जोडून एकच लांब फाइल करीत. सप्टेंबर २००६ मध्ये आयट्यून्सची सातवी आवृत्ती आली आणि सांध्यावरची ती शांतता गेली. म्हणून आमचा पहिला नियम असा की, लोक काय मागतात हे ऐका, पण लोक मुकाट्याने काय करतात हे अधिक बारकाईने पाहा. मागणीला पैसे पडत नाहीत. कष्टाला वेळ पडतो.

दुसरी खूण खरेदीची. शेजारच्याने विटा आणून टाकल्या की तो काही बांधणार हे कळते. आयट्यून्सच मुळी विकत आणलेल्या विटांचे होते. साउंडजॅम एमपी नावाचे सॉफ्टवेअर ॲपलने २००० साली घेतले, त्याचे कर्तेही घेतले, आणि त्यावर आपले घर उभे केले. गाण्यांची मुखपृष्ठे तबकड्यांच्या खोक्यात चाळावी तशी चाळून पाहण्याची कव्हरफ्लो ही सोय बाहेरच्या एका कलावंताची कल्पना होती. ती २००६ साली विकत घेतली गेली.

परंतु विटा पाहून घराचा आराखडा कळतोच असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये ॲपलने लाला ही कंपनी घेतली. तिच्यामार्फत आपला संग्रह इंटरनेटवरून कोठेही ऐकता येई. झाले, आता आयट्यून्स इंटरनेटवर जाणार, असे सर्वांनी सांगून टाकले. प्रत्यक्षात ३१ मे २०१० रोजी लाला बंद करण्यात आली, आणि त्या धर्तीची सोय नोव्हेंबर २०११ मध्ये, वर्षाला २४.९९ डॉलर वर्गणी घेऊन, आयट्यून्स मॅच या नावाने आली. दिशा बरोबर ठरली, काळ चुकला. ऑगस्ट २०२१ मध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची प्रायमफोनिक ही सेवा ॲपलने घेतली आणि पुढच्या वर्षी वेगळे ॲप देऊ असे सांगितले. ते आले मार्च २०२३ मध्ये. तेव्हा खरेदीवरून दिशा सांगावी, तिथी सांगू नये.

तिसरी खूण परवानगीची, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. या धंद्यात सॉफ्टवेअर एकाचे असते आणि गाणे दुसऱ्याचे. यंत्राला जे सहज करता येते ते सारे गाण्याचा मालक करू देईलच असे नाही. एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्सच्या चौथ्या आवृत्तीत आपल्या संगणकावरची गाणी दूरच्या संगणकावर ऐकण्याची सोय होती. लोकांनी अनोळखी माणसांना आपले संग्रह उघडे केले. महिन्याभरात, मे अखेरीस, सुधारित आवृत्ती आली आणि सोय घरातल्या घरापुरती उरली. यंत्र तेच होते, परवानगी आखडली. उलट फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून सांगितले की, ध्वनिमुद्रिका कंपन्या राजी असतील तर आम्ही गाणी कुलुपाशिवाय विकू. त्याच एप्रिलात ईएमआय राजी झाली, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वच गाण्यांचे कुलूप काढण्याचे ठरले. येथे भाकीत करायला यंत्रज्ञान नको होते, करारांची भाषा कळणे पुरेसे होते.

खुद्द जॉब्ज यांचे भाकीतही या कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहे. २८ एप्रिल २००३ रोजी दोन लाख गाणी घेऊन दुकान उघडले, गाण्याला ९९ सेंट. त्या वेळी त्यांचे म्हणणे असे की, लोकांना गाणे भाड्याने नको, मालकीचे हवे. ते तेव्हा खरे ठरले, कारण खिशातल्या आयपॉडला इंटरनेट नव्हते; गाणे जवळ बाळगायचे तर साठवूनच ठेवावे लागे. पुढे फोन सदैव जोडलेला राहू लागला, २००८ साली स्वीडनमध्ये स्पॉटिफाय सुरू झाले, आणि ३० जून २०१५ रोजी ॲपलनेही मासिक वर्गणीची सेवा उघडली. जॉब्ज २०११ सालीच निवर्तले होते. माणसाचा स्वभाव म्हणून जे सांगितले गेले ते वस्तुतः त्या वेळच्या यंत्राचे वर्णन होते. भाकीत करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

फसलेल्या सोयीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. सप्टेंबर २०१० मध्ये आयट्यून्समध्ये पिंग आले. आपण काय ऐकतो ते मित्रांना दाखवा, त्यांचे आपण पाहा, अशी कल्पना. कल्पना वाईट नव्हती. झुमरीतलैयाहून येणाऱ्या फर्माइशींची पत्रे आठवा. आपली आवड चारचौघांत सांगण्याची हौस जुनीच आहे. पण रेडिओवर नाव वाचले गेले की ते सारा गाव ऐके. पिंगच्या घरात मित्रच नव्हते. ते फेसबुकवर होते, आणि त्या दोन कंपन्यांचे जमले नाही. ३० सप्टेंबर २०१२ रोजी पिंग बंद झाले. पहिली खूण होती, तिसरी नव्हती.

आता आपल्या गाण्याकडे वळतो, कारण भाकीत करायचे ते आपल्यासाठी. गाण्याच्या फाइलीला जी चिठ्ठी जोडलेली असते तिचा एक मूळ नमुना १९९६ सालचा आहे. एकूण १२८ बाइटांची जागा. त्यांत गाण्याच्या नावाला ३०, गायकाला ३०, संचाला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकाराला एक. देवनागरी अक्षरचिन्ह आजच्या रूढ संकेतात तीन बाइट खाते. म्हणजे तीस बाइटांत दहाच चिन्हे, आणि काना-मात्रा त्यांतच मोजायचे. प्रकारांच्या त्या पहिल्या यादीत ८० नावे होती. पोल्का होता, कॅबरे होता. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग यांपैकी काही नव्हते. पुढे चिठ्ठी मोठी झाली, देवनागरीही मावू लागली; परंतु रागाचा रकाना आला नाही.

मग आपले रसिक काय करतात? कोणी राग संगीतप्रकाराच्या रकान्यात लिहितो, कोणी शेऱ्यात. ताल गाण्याच्या नावाला चिकटवतो. तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण हे घालतो संचाच्या नावात. आणि एवढे करून गाणी उलटसुलट लावण्याची कळ चुकून दाबली गेली, की द्रुत आधी, मग कोठल्याशा चित्रपटातले गीत, आणि मग त्याच रागाचे विलंबित. भैरवी झाल्यावर मुलतानी ऐकण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली आहे.

येथे कष्ट आहेत, म्हणजे पहिली खूण आहे. पाश्चात्त्य संगीताच्या अशाच कष्टांना उत्तर म्हणून २०१६ साली आयट्यून्समध्ये रचना आणि तिचे भाग यांचे रकाने आले, आणि पुढे त्या संगीताचे वेगळे ॲप आले. मग आपल्या रागाचा रकानाही येणार, असे आम्ही सांगावे काय? आमचे उत्तर असे, की येईल. पण तो आपोआप येणार नाही. त्या संगीताच्या रचनांना क्रमांक होते, छापील सूची होत्या, पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्या केलेल्या होत्या. ज्यांनी सोय केली त्यांना भरायला माहिती तयार मिळाली. रिकामा रकाना कोणी बांधीत नाही. बार्सेलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झाव्हिएर सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून काही वर्षे कॉम्पम्युझिक हा प्रकल्प चालला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे राग-ताल यंत्राला कसे उमगतील याचा अभ्यास झाला. त्यांनाही आधी माणसांनी नीट नोंदवलेले संग्रहच गोळा करावे लागले.

म्हणून शेवटी भाकिताचा जो भाग कोणी विचारीत नाही तो सांगून थांबतो. काय येणार, हे सर्व विचारतात. काय जाणार? कव्हरफ्लो २०१२ साली आयट्यून्समधून गेले. त्याचे कोणाचे फारसे बिघडले नाही. परंतु विकतच्या गाण्याबरोबर मालकी होती, वर्गणीच्या गाण्याबरोबर ती नाही. आमच्या बँकेचे कार्ड बदलले आणि एका सेवेची वर्गणी भरायची राहून गेली. वर्षानुवर्षे जुळवलेली यादी एका सकाळी मुकी झाली. वर्गणी भरल्यावर ती परत बोलू लागली. पण काही नावे करडीच राहिली. त्या गाण्यांचा करार मधल्या काळात संपला होता. आम्ही कोणाशी भांडणार? ती आमची नव्हतीच.

त्याच घरात एका जुन्या पत्र्याच्या पेटीत आमच्या वडिलांच्या कॅसेटी आहेत. घरगुती बैठकींच्या. त्यांवर निळ्या शाईने गायकाचे नाव, राग, साथीदार, गाव आणि तारीख लिहिलेली आहे. त्यांतल्या पुष्कळ आम्ही संगणकावर उतरवल्या. ज्यांवर वडिलांनी लिहिले होते त्या आज एका क्षणात सापडतात. ज्यांवर काहीच लिहिले नव्हते, त्यांतला एक आवाज कोणाचा, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. कोणतेही सॉफ्टवेअर ते सांगू शकत नाही, आणि पुढच्या वर्षीचेही सांगू शकणार नाही.

तेव्हा आमचे भाकीत एवढेच, की ज्यांच्या नोंदी असतील त्यांच्या पदरात सोय पडेल. आपल्या घरी अशा कॅसेटी असतील, आणि त्या ओळखणारे वडीलधारे अजून असतील, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दुपार त्यांच्याजवळ बसा, एकेक लावा, आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. वहीत लिहा, संगणकात लिहा, रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. घरट्याकडे पाहून पाऊस कळतो खरा. पण पेरणी आपल्यालाच करावी लागते.