खेळण्यांना लागलेला धुराचा वास

वापरलेली वस्तू मुलाला देण्यात आपल्याकडे कधी कमीपणा मानला गेला नाही. थोरल्याचे झबले धाकट्याच्या अंगावर चढते आणि पाळणा तर दोन-तीन पिढ्यांना पुरतो. गेल्या उन्हाळ्यात येथील, इंदुरातीलच, एका आप्तांनी प्लास्टिकची एक लहान खुर्ची आणि ठोकळ्यांची पेटी आमच्या दीड वर्षाच्या नातवासाठी पाठविली, तेव्हा मला आनंदच झाला. वस्तू जवळजवळ नव्या होत्या. पण पेटीचे झाकण उघडले मात्र, आणि शिळ्या सिगारेटचा उग्र दर्प नाकात शिरला. त्या घरी धूम्रपान चालते हे मला ठाऊक होते. पण तो धूर ठोकळ्यांतही मुरला असेल, असे वाटले नव्हते.

प्रथम मी केले ते बहुतेक सर्वजण करतात. पेटीत अत्तराचा बोळा ठेवला. दोन दिवस अत्तर दरवळले. तिसऱ्या दिवशी दोन्ही वास एकदम येऊ लागले!

याचे कारण असे, की हा वास हवेत नसतो, वस्तूवर असतो. तंबाखूच्या धुरातील डांबरासारखे सूक्ष्म कण आणि निकोटिन जेथे बसतात तेथे त्यांचे चिकट पुट चढते. कडक प्लास्टिकवर ते बरेचसे पृष्ठभागी राहते. मऊ, लवचिक प्लास्टिकमध्ये आणि गादीच्या फोममध्ये ते खोल शिरते. म्हणून वास झाकू नये, पुट काढावे.

त्याची रीत सोपी आहे. वस्तूचे भाग सुटे करावेत आणि कापडी गाद्या काढून वेगळ्या धुवाव्यात. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशाने सांधे व खाचा घासाव्यात. आमचे पहिले पाणी पिवळसर निघाले. ते स्वच्छ निघेपर्यंत धूत राहावे. नंतर एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी यांत तासभर बुडवून पुन्हा धुवावे. निकोटिन आम्लात विरघळून निघते, हा त्यातील उपयोग. तरीही वास उरला, तर वस्तू कोरडी करून झाकणाच्या डब्यात खाण्याच्या सोड्यासह दोन-तीन दिवस ठेवावी. शेवटी वाऱ्यावर, सावलीत ठेवावी. कडक उन्हात फार दिवस ठेवल्यास प्लास्टिक ठिसूळ होते. उकळते पाणी ओतू नये, वस्तू वाकडी होते. विजेऱ्यांवर चालणारे खेळणे बुडवू नये. विजेऱ्या काढून ओलसर फडक्याने पुसावे. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : व्हिनेगर व कपड्यांचे ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

वास गेला की नाही, हे लगेच ठरवू नये. वस्तू रात्रभर बंद डब्यात ठेवून सकाळी हुंगावी. मऊ प्लास्टिकची, तोंडात घालण्याची खेळणी मात्र वास येत असल्यास टाकून द्यावीत, हे उत्तम.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वासाचा केवढा हा बाऊ! पण २०१० साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनाचा घरातील हवेत असणाऱ्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगास कारण होऊ शकणारी द्रव्ये तयार होतात. रांगणारे मूल तर प्रत्येक वस्तू हाताळते आणि तोच हात तोंडात घालते.

एवढे करून खुर्ची निर्मळ झाली, आणि आठ दिवसांनी तिला पुन्हा तोच वास येऊ लागला. आता दोष आप्तांना देता येईना. आमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून का होईना, ह्यांची संध्याकाळची सिगारेट वर्षानुवर्षे चालत आली होती. आम्हांला सवय झाल्यामुळे तिचा वास आम्हांला येतच नव्हता. मी वाद घातला नाही. खुर्ची त्यांच्यापुढे ठेवली आणि "वास घेऊन पाहा," एवढेच म्हटले.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला २००८ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर बंदी आहे. पण घराच्या उंबरठ्याच्या आत तो कायदा येत नाही. तेथे आपणच आपल्याला नियम घालावा लागतो. त्या दिवसापासून रक्षापात्र अंगणात गेले. नातवाला उचलण्यापूर्वी हे सदरा बदलतात, हात धुतात. सिगारेट अद्याप सुटलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रयत्न चालू आहे. खोलीच्या भिंती आणि पडदेही आम्ही धुऊन काढले, तेव्हा कोठे खुर्चीचा वास गेला तो गेलाच.

तेव्हा श्रोतेहो, जुन्या वस्तू आनंदाने घ्या, आनंदाने द्या. मात्र देताना त्या स्वच्छ धुऊन द्या. आणि घेतलेली वस्तू धुऊन झाली, की ती ज्या खोलीत ठेवायची त्या खोलीचाही एकदा वास घेऊन पाहा.