प्रापंचिकाची कादंबरी



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. त्यांच्या पंगतीत आमचा पाट मांडला गेला, तो चुकून तर नव्हे ना, अशी शंका आम्ही चालकांजवळ बोलून दाखविली. ते म्हणाले, "प्रपंच सांभाळून तुम्ही दर महिन्याला एक कादंबरी वाचता म्हणे. ते कसे, एवढेच सांगा." विषय लहान वाटला म्हणून आम्ही रुकार दिला. टिपणे काढावयास बसलो तेव्हा मात्र आमचीच एक लबाडी आमच्या नजरेस आली. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. परंतु तिची जागा पुढे आहे.

आधी 'आम्ही' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. संपादकांचे 'आम्ही' एकट्याचेच असते. आमचे तसे नाही. आम्ही म्हणजे उभयता, नवरा-बायको. व्यासपीठावर एक उभा आहे, दुसरे माणूस समोर तिसऱ्या रांगेत बसले आहे, आणि येथे काही वावगे बोलले गेले तर त्याची दुरुस्ती घरी गेल्यावर होईल.

आमचे गाव जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. दहा एकर वावर; त्यांतले तीन एकर विहिरीखाली, बाकीचे कोरडवाहू. घरात म्हातारी आई, मुलगा वसतिगृहात, मुलगी नववीत, दोन बैल, एक म्हैस. कास्तकाराच्या घरी रिकामा वेळ असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी सोयाबीनच्या सोंगणीत एक आठवडा आमच्याकडे मुक्कामास यावे. विळा आम्ही देऊ.

पुस्तक महिन्याचे का, याला साहित्यशास्त्र कारण नाही, मेहकरचे बँकेचे काम कारण आहे. महिन्यातून एकदा तालुक्याला जाणे चुकत नाही. तेवढ्यात वाचनालयात डोकावावे, जुने पुस्तक द्यावे, नवे घ्यावे. नियम पंधरा दिवसांचा होता. ग्रंथपालांनी आमच्यापुरता तो ताणून महिन्याचा केला. मेहकर हे ना. घ. देशपांड्यांचे गाव. तेथे वकिली करून त्या गृहस्थांनी 'शीळ' लिहिली. कज्जेदलालीच्या धबडग्यात एखाद्याला कविता लिहिता येते, तर नांगर-वखराच्या धबडग्यात दुसऱ्याने लिहिलेली कादंबरी वाचावयास काय हरकत आहे, असा आमचा हिशेब.

आणि हिशेब म्हणाल तर तो असा : तीनशे पानांची कादंबरी, तीस रात्री, रात्रीला दहा पाने. दहा पानांना पंचवीस मिनिटे लागतात. पंचवीस मिनिटे कोणाला नाहीत? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुढे मिळाले.

थोडे थोडे वाचणे हा काही आजच्या घाईचा रोग नव्हे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' लोकांनी एका बैठकीत वाचली नाही. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून ती हप्त्याहप्त्याने आली. वाचकांनी यमूचे हाल आठवड्या-आठवड्याने सोसले, मधल्या दिवसांत कचेरी केली, दळण केले, मुलांना धपाटे घातले. मराठी कादंबरी प्रापंचिकाच्या सवडीने चालावयास फार पूर्वीच शिकली आहे. ऋतूचेही तसेच. छापील पुस्तक घरात येण्यापूर्वी आमच्याकडे वाचनाचा हंगाम ठरलेला होता, तो चातुर्मास. पेरण्या आटोपलेल्या, चिखलाने वाटा बंद झालेल्या, कापणी अजून लांब. अशा वेळी देवळात 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागे आणि घराघरांत बायका वारावारांच्या कहाण्या सांगत. देवाधर्माचे कारण होतेच, पण शेताच्या कामाचे वेळापत्रकही त्याच्या पाठीशी होते.

आता आमचे वर्ष. दोन पाडव्यांपूर्वी आम्ही एक वही घातली. कोणत्या महिन्यात कोणते पुस्तक, कोणी किती वाचले, याची नोंद तीत आहे.

चैत्र-वैशाखात उन्हाळवाही सकाळी उरकावी लागते. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि म्हणून वर्षातले एकुलते एक दिवसाउजेडीचे वाचन याच महिन्यांत होते. विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' आम्ही वैशाखात वाचले. १९३९ सालचे ते पुस्तक अंगाने लहान. सारे कथानक एका बोटीवर. आमच्या घरात म्हातारीने समुद्र पाहिलेला नाही. पत्रे तापून कडाडत होते आणि आम्ही युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू माणसांबरोबर पाण्यावर होतो. म्हातारीने विचारले, "कोन गेलं?" आम्ही सांगितले, "कोणी नाही, पुस्तकातली बाई." ती म्हणाली, "मंग डोये पुसा."

ज्येष्ठ वहीत कोरा आहे. मृग लागला की माणूस आभाळाशिवाय काही वाचत नाही.

आषाढात 'कोसला' हाती आले, आणि हा योग मोठा विनोदी होता. दुबार पेरणीची धास्ती, बियाण्याची उधारी, आणि त्याच आठवड्यात मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरावयाचे. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास राहून बापाचे पैसे कसे उडवितो, हे वाचीत असता आमच्यापैकी एकाने दोनदा पुस्तक मिटून मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, मी मेसमध्ये आहे." तेवढ्यावर पुढची दहा पाने निर्वेध झाली. हे पुस्तक १९६३ चे. त्या वेळी तरुण मुलांनी ते आपले म्हणून उचलले. ते बापाच्या बाजूने वाचता येते, हे टीकाकारांनी आम्हांला सांगावयास हवे होते.

श्रावणात 'धग'. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० ची, आणि तिच्यातली माणसे आपल्या वऱ्हाडीत बोलतात. कौतिक नावाची एक बाई. नवरा महादेव हातपाय गाळून बसणारा. संसाराचा गाडा तिने एकटीने ओढावयाचा. आमच्या पुस्तकात नेहमी दोन खुणा असतात. एक एस. टी. चे तिकीट, ते आमचे. दुसरी केसांतली पीन, ती तिसऱ्या रांगेतली. एरवी पीन तिकिटाच्या मागे असते. श्रावणात ती तिकिटाला मागे टाकून निघून गेली. निंदणाच्या सुट्टीत धुऱ्यावर बसून, म्हशीची धार निघेपर्यंत, जेथे मिळेल तेथे वाचून नऊ दिवसांत पुस्तक संपविले. आम्ही विचारले, "कसे आहे?" उत्तर आले, "हे पुस्तक नाई, हे आपल्या शेजारचं घर हाय." आणि दोन दिवस त्या आमच्याशी जरा तुटकच बोलत होत्या. महादेवाचा राग आमच्यावर का, हे आम्हांला तेव्हा उमगले नाही.

भाद्रपद-आश्विनाचे फारसे सांगण्यासारखे नाही. सोंगणी, मळणी, पुन्हा पाऊस, ताडपत्री.

दिवाळीला मात्र अंक पाहिजे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी कथा वाढण्याची रीत महाराष्ट्राला लावून दिली. आमच्या घरी ही रीत सोयाबीनच्या भावावर अवलंबून असते. भाव बरा, तर दोन अंक. ज्या वर्षी भाव पडला, त्या वर्षी आम्ही मार्गशीर्षात रद्दीवाल्याकडून अर्ध्या किमतीत घेतला. लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर दिवाळी अंकाची किंमत तेवढी उतरते, आतला मजकूर होता तसाच राहतो. आमच्या मुलीने तो संक्रांतीपर्यंत पुरविला.

पौषाची गंमत निराळी. वीज कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला. हरभऱ्याला पाणी द्यावयाचे तर रात्रपाळीच्या आठवड्यात रात्रभर वावरात. स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लावले की मधले दोन-तीन तास मोकळे. घोंगडी पांघरावी, मोबाइलची बत्ती लावावी आणि वाचावे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आम्ही अशी वाचली. एक तरुण मास्तर मेंढपाळांच्या वस्तीवर येतो, माणसे हळूहळू त्याची होतात, आणि मग दुष्काळ पडून वाडी उठते. शेवटची पाने वाचताना समोर पाणी उडत होते, त्याचा आवाज येत होता. आम्ही उठून मोटार बंद केली नाही; पण बंद करावी असे क्षणभर वाटले खरे. बत्तीमुळे मोबाइल उतरला आणि पहाटे घरी अंधारात ठेचा खात आलो, हे जाता जाता.

आता ती लबाडी. पाडव्याला वर्ष भरले, वही उघडली, बेरीज केली. तिकिटाची पुस्तके दहा. पिनेची चार. दहा आणि चार! आणि आम्ही तर गावभर सांगत होतो, आमच्याकडे उभयता वाचतात. आम्ही मोठ्या आविर्भावाने म्हटले, "रात्री पंचवीस मिनिटे काढली असती तर तुमचीही दहा झाली असती." त्यावर जे उत्तर मिळाले, ते आहे तसे सांगतो : "तुमची कादंबरी तं जेवन झाल्यावर सुरू होते, माही भांडे झाल्यावर."

सभ्य गृहस्थहो, यावर प्रत्युत्तर नव्हते. जेवण आठला, भांडी, ओटा, उद्याची भाजी, विरजण, म्हातारीचे पाय चेपणे, हे संपते दहाला. साडेपाचला उठणाऱ्या माणसाने दहाला कादंबरी उघडली की दुसऱ्या पानावर डोळा लागतो. आमची ती पंचवीस मिनिटे आम्हांला कोणी सवलत म्हणून दिली नव्हती. ती दुसऱ्याच्या दोन तासांतून निघत होती. 'धग' श्रावणात नऊ दिवसांत का संपली, आणि आमच्याशी अबोला का झाला, हे तेव्हा कळले.

याच जिल्ह्यातल्या, बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यास छापले गेले. त्यांनी पुरुषांना झोडपले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या काळच्या कथा-नाटकांतून बायका कशा रंगविल्या जातात, यावरही त्यांनी लेखकांना जाब विचारला, हे आम्हांला विशेष वाटते. म्हणजे बाई वाचीत होती, आणि वाचून भांडत होती. भांडावयास आधी वाचावे लागते, आणि वाचावयास हात मोकळे लागतात.

त्या पाडव्यापासून रात्रीची भांडी वारावर लावली : एक दिवस आम्ही, एक दिवस मुलगी, आणि मुलगा सुटीत आला की तो. म्हातारी आठ दिवस रुसली. नवव्या दिवशी तिने आम्हांला हाक मारून सांगितले की कढईला राख लावावी, साबणाने तेल निघत नाही. आम्ही हा आशीर्वाद समजलो.

यंदाच्या माघात तुरी घरात आल्या. डाळ निवडावयास सगळे घर बसते. तेव्हा एकाने मोठ्याने वाचावे असे ठरले. पुस्तक होते 'बारोमास'. सदानंद देशमुख शेजारच्या चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. २००२ साली ही कादंबरी निघाली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. नावच बारा महिन्यांचे. शिकलेला पण नोकरी नसलेला एकनाथ, आणि तोट्यात चाललेले त्याचे शेतकरी घर. आठ रात्री वाचन बरे चालले. नवव्या रात्री मुलीने सूप खाली ठेवले आणि विचारले, "बाबा, दादाच्या फीसाठी आपलं वावर इकाव लागते का?"

कोणीच बोलले नाही. एखाद्या व्याख्यात्याने येथे सांगितले असते की आम्ही तिची समजूत घातली. आम्ही नाही घातली. समजूत घालावयास आकडा लपवावा लागतो, आणि पुस्तकातले आकडे इतके उघडे असताना घरचा झाकून ठेवण्याची आम्हांला शरम वाटली. त्या रात्री आम्ही बँकेचा कागद पेटीतून काढला, मुलीपुढे ठेवला, मुलाला फोन लावून त्यालाही ऐकविला. पीककर्ज किती, सोसायटीचे किती, विहिरीचे किती राहिले. तो आकडा येथे सांगत नाही. तो आमच्या घरचा आहे. वावर विकावे लागणार नाही, पण दोन वर्षे नवे काही घ्यावयाचे नाही, असे चौघांनी ठरविले. मुलगा म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. 'कोसला' वाचताना त्याला दोनदा फोन केला होता, पण हे विचारावयाचे सुचले नव्हते.

'बारोमास' पुढे मोठ्याने वाचले नाही. ज्याने त्याने आपापले संपविले. मुलीने सगळ्यांत आधी.

सध्या वैशाख चालू आहे. या महिन्याचे पुस्तक कोणते, ते सांगत नाही, कारण सभेत ते वाचीत असलेले आणखी कोणी असेल. ते येत्या सोमवारी मेहकरला परत द्यावयाचे आहे. तिकिटाची साठ पाने राहिली आहेत. पीन परवाच शेवटच्या पानावरून निघाली आणि पुन्हा केसांत गेली. शेवट काय झाला, ते विचारले तर तिसऱ्या रांगेतून उत्तर मिळत नाही. आणि आज भांड्यांचा वार आमचा आहे, तेव्हा अध्यक्षमहाराजांनी आम्हांला वेळेवर मोकळे करावे.