ऐकणारा वाचक : वि. स. खांडेकर यांचे वाचन आणि लेखन

(शतकमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे टिपण)



ग्रंथालयाच्या उत्सवात एखाद्या कादंबरीकारावर भाषण ठेवले की त्याच्या ग्रंथांची नामावली, त्याला लाभलेले मानसन्मान आणि शेवटी आदरांजली असा क्रम बहुधा ठरून गेलेला असतो. तो क्रम साहित्यसभेला शोभतो. ग्रंथालयाचे नाते मात्र लेखकातल्या लेखकाशी जेवढे, तेवढेच त्याच्यातल्या वाचकाशीही असते. कोणताही लेखक जगापुढे येतो त्याआधी कुठल्या तरी कपाटापुढे उभा राहिलेला असतो. म्हणून विष्णु सखाराम खांडेकर यांचा विचार येथे वाचक म्हणून करावयाचा आहे. विशेषतः त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या पर्वाकडे पाहावयाचे आहे. त्या पर्वात डोळे गेले, पण वाचन थांबले नाही.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना खांडेकर परके नाहीत. १९२० साली बावीस वर्षांचा हा तरुण शिरोड्याच्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला आणि १९३८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, तेथेच राहिला. शिरोडे आणि पेडणे यांच्यामध्ये तेरेखोलची नदी वाहते. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तर तीरावर असूनही पेडणे तालुक्यातच मोडतो. त्या काळी तेथून दोन राज्यांची हद्द जात होती. अलीकडे पोर्तुगीज अंमल होता आणि पलीकडे ब्रिटिशांचा. परंतु त्या हद्दीने माणसे तोडली तरी भाषा तोडली नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पोर्तुगीजांच्या हाती ते उशिरा आले, म्हणूनच त्यांना 'नव्या काबिजादी' हे नाव पडले. बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव पेडण्यात विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला दिले जाते, ते या जुन्या नात्याला धरूनच. दशावताराचा खेळ आजही हद्द विचारीत नाही.

या मुलखातील वाचनाची रीतही येथे ध्यानात घ्यावी लागेल, कारण खांडेकरांच्या उत्तरायुष्याचा अर्थ तिच्यातच सापडतो. छापील पुस्तक घराघरांत येण्यापूर्वी येथे ग्रंथ नव्हता असे नाही. श्रावणात देवळाच्या चौकात किंवा घराच्या ओसरीवर 'हरिविजय', 'पांडवप्रताप' यांसारख्या पोथ्या लागत. एक जण वाची आणि दहा-वीस जण ऐकत. वाचणाऱ्याला अक्षर येई. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते येत नसे, तरी कथा सर्वांना सारखीच कळे. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदू समाजाला काहीसा मोकळा श्वास घेता आला. त्यानंतर गोव्यात मराठी शाळा आणि वाचनालये उभी राहू लागली, तेव्हा या ऐकणाऱ्या समाजातूनच त्यांना पहिले सभासद मिळाले. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील अक्षरावर नियंत्रणाची नजर बसली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत येथील वाचनालयांनी जे सांभाळले त्याचे मोल केवळ पुस्तकांच्या संख्येने मोजता येणार नाही.

शिरोड्यातील अठरा वर्षांत खांडेकरांनी काय केले? शिकविले, वाचले आणि लिहिले. कोकणातील एका खेड्यात, तुटपुंज्या वेतनावर, प्रकृती नाजूक आणि दृष्टी लहानपणापासूनच अधू असताना त्यांनी हे केले. रा. ग. गडकऱ्यांचा सहवास पुण्यातील विद्यार्थिदशेतच लाभला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरुस्थानी मानले. सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातून त्यांनी नेमाने लेखन केले. १९३० साली 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. पुस्तकातून भेटलेली ध्येयवादी माणसे आता दारापुढून चालताना दिसू लागली. १९३४ मध्ये आलेल्या 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' या कादंबऱ्यांत दारिद्र्य, विषमता आणि ध्येयवाद हे विषय ठळकपणे येतात. त्यांची मुळे जितकी आगरकरांच्या विचारात आहेत तितकीच शिरोड्याच्या मातीत आहेत.

याच सुमारास नदीच्या या बाजूलाही गद्यकथेला बहर येत होता. वि. स. सुखठणकरांचा 'सह्याद्रीच्या पायथ्याशी' हा गोमंतकीय जीवनावरील कथासंग्रह १९३१ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मणराव सरदेसाई याच मातीतील कथा लिहीत होते. पुढे हडफड्यास जन्मलेले आणि आरवलीत वाढलेले जयवंत दळवी 'सारे प्रवासी घडीचे' घेऊन आले, तेव्हा शिरोडे-आरवलीचा तोच परिसर अगदी निराळ्या, मिश्किल डोळ्यांनी दिसला. एकाच वाडीत करुणाही पिकते आणि विनोदही पिकतो.

खांडेकरांच्या वाचनाचा एक विशेष असा की त्यांचे वाचन कधी केवळ साठत गेले नाही. आवडलेला लेखक त्यांनी इतरांच्या हाती दिल्यावाचून सोडला नाही. गडकऱ्यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि आगरकरांचा विचार नव्या पिढीपुढे मांडला. खलील जिब्रानच्या रूपककथा त्यांनी 'सुवर्णकण' आणि 'वेचलेली फुले' या पुस्तकांतून मराठीत आणल्या. जर्मन नाटककार अर्न्स्ट टोलरने तुरुंगातून लिहिलेली पत्रे 'तुरुंगातील पत्रे' या नावाने मराठी वाचकाला मिळाली तीही त्यांच्यामुळेच. मराठीत रूपककथा हा प्रकार रुजला, त्यामागे हेच वाचन आहे. उत्तम वाचक आपले वाचन वाटून टाकतो, हे ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको.

या वाचनाचे ऋण मान्य करताना त्यातील उणे झाकण्याचे कारण नाही. खांडेकरांच्या कादंबरीवर टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. वाक्ये सुभाषितांसारखी सजतात, पात्रे लेखकाची भाषा बोलतात, योगायोग फार घडतात, हे आक्षेप आजच्या वाचकालाही पटतील. ना. सी. फडके कलेसाठी कला मानीत आणि खांडेकर जीवनासाठी कला मानीत. या वादात खांडेकरांच्या बाजूला सद्भाव अधिक आणि कलात्मक संयम कमी असे अनेकांना वाटले. १९३६ च्या 'छाया'पासून चित्रपटकथांचे काम वाढले आणि १९३८ मध्ये ते कोल्हापूरला गेले. तेव्हा लोकप्रियता वाढली तशी सवयीने लिहिण्याची भीतीही वाढली.

यानंतर जे घडले ते या व्याख्यानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. १९४२ साली 'क्रौंचवध' प्रसिद्ध झाली आणि तिच्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही. मागणी भरपूर असलेला, वर्षाला दोन-दोन कादंबऱ्या देऊ शकणारा लेखक या प्रकारात गप्प राहिला. कथा, लघुनिबंध, भाषांतरे आणि प्रस्तावना चालू होत्या, कादंबरी मात्र नव्हती. महायुद्ध, बेचाळीसचा लढा, फाळणी आणि १९४८ मधील गांधीजींची हत्या यांनी ज्या ध्येयवादावर त्यांच्या नायकांची उभारणी झाली होती त्यालाच तडे गेले होते. जुन्या साच्यात नवी माणसे ओतणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. या मौनाचा अर्थ वाचकाच्या बाजूने असा लावता येतो की लेखकाने स्वतःला पुन्हा वाचकाच्या जागी बसविले होते.

त्या मौनानंतर 'अश्रू' आली आणि १९५९ मध्ये 'ययाति' आली. 'ययाति'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले. ज्ञानपीठाने गौरविलेले ते पहिले मराठी लेखक होत. या कादंबरीचे यश कशात आहे? कथा महाभारतातील, म्हणजे पोथी ऐकणाऱ्या समाजाच्या कानावरून शतकानुशतके गेलेली. परंतु खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगविली. प्रत्येकाला आपली बाजू मिळाली आणि वाचकाला निवाडा करणे अवघड झाले. मूळ कथेत शुक्राचार्यांच्या आश्रमातून गेल्यावर कच जवळजवळ नाहीसा होतो. येथे तो संयमाचे प्रतीक होऊन अखेरपर्यंत राहतो. भोगाने भोग शमत नाही हे जुनेच सत्य आहे. ते स्वातंत्र्योत्तर काळातील सुखलोलुप समाजाला उद्देशून सांगितले गेले, म्हणून ते नवे वाटले. ऐकलेल्या पोथीवर चाळीस वर्षांच्या जगण्याचे आणि वाचनाचे भाष्य, असे या कादंबरीचे वर्णन करता येईल.

यानंतर शेवटचे पर्व येते. १९६७ मध्ये 'अमृतवेल' आली, १९६८ मध्ये पद्मभूषण मिळाले. अधू असलेली दृष्टी आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत पूर्ण गेली. ज्याचे सारे जीवन अक्षरावर उभे होते त्याला अक्षर दिसेनासे झाले. ज्ञानपीठाची वार्ता आली तेव्हा आपल्याविषयी छापून आलेला मजकूरही त्यांना दुसऱ्याकडून ऐकावा लागला. तरीही पुस्तके येत राहिली आणि ती वाचून दाखविली जात राहिली. ते सांगत, लेखनिक लिहून घेई, लिहिलेले पुन्हा वाचून दाखवी, ते दुरुस्त्या सांगत. २ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. 'एका पानाची कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर ग्रंथरूपाने वाचकांपुढे आले.

या दृश्याकडे पेडणे-डिचोलीच्या माणसाने थोडे थांबून पाहावे. एक जण वाचतो आहे आणि दुसरा कान देऊन ऐकतो आहे. हे तर श्रावणातील ओसरीचेच चित्र. ज्या रीतीने या मुलखाने निरक्षर असताना ग्रंथ जपला, त्याच रीतीने मराठीतील एका थोर साक्षराने अखेरीस ग्रंथ जपला. वाचन डोळ्यांनी होते ही समजूत अपुरी आहे. वाचनाला दोन माणसे लागतात, लिहिणारा आणि वाचणारा. कधी तिसरेही लागते, आपला आवाज उसना देणारे. खांडेकरांच्या उत्तरकालीन लेखनामागे असा एक आवाज सतत उभा होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव नसते, परंतु त्याच्यावाचून ती पाने लिहिली गेली नसती.

आज या मुलखाचे रूप पालटले आहे. डिचोलीने खाणींची भरभराट पाहिली आणि त्या थांबल्यानंतरची शांतताही पाहिली. २०२३ च्या जानेवारीपासून पेडण्यात मोपाहून विमाने उडू लागली. घरातील तरुण मुले नोकरीसाठी दूर गेली आणि अनेक घरांत वृद्ध सभासद तेवढे उरले. त्यांतील कित्येकांनी चाळीस-पन्नास वर्षे नेमाने पुस्तके नेली. आता मोतीबिंदूने किंवा मधुमेहाने त्यांची नजर मंदावली आहे. वर्गणी ते अजून भरतात, पुस्तक मात्र नेत नाहीत. ग्रंथालयाच्या नोंदवहीत अशा सभासदाच्या नावापुढची कोरी जागा ही कोणत्याही इमारतीच्या दुरुस्तीइतकीच निकडीची बाब मानली पाहिजे.

शतकमहोत्सवाच्या वर्षी नवी कपाटे येतील, नवी पुस्तके येतील, आणि ती आलीच पाहिजेत. त्यासोबत एक साधी गोष्ट करता येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रंथालयाच्या सभागृहात एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी कोणा विद्यार्थ्याने तासभर पुस्तक घेऊन जावे. यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. लागेल तो स्पष्ट उच्चार आणि थोडा सवडीचा वेळ. वाचून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यातून जे मिळेल ते परीक्षेच्या अभ्यासात मिळणारे नाही.

शिरोड्याच्या शिक्षकाने अठरा वर्षे मुलांना वाचून दाखविले आणि अखेरच्या वर्षांत इतरांनी त्याला वाचून दाखविले. हे ऋण असेच फिरते राहावे. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके घरोघर पोहोचविली, त्याच्या सभासदांनी आता आपला आवाजही पोहोचवावा, एवढेच या प्रसंगी सुचवावेसे वाटते.