स्वररचनेची मुळाक्षरे



मध्यमवर्गीय घरांतून संगीतशिक्षणाविषयी मोठी आस्था आहे. मुले पेटी शिकतात, गळ्यावर मेहनत घेतात, एकामागून एक परीक्षा उत्तीर्ण होतात. तथापि अशा विद्यार्थ्यास दोन ओळींना स्वतः चाल लावावयास सांगितले, तर तो बहुधा गोंधळून जातो. दुसऱ्याची रचना त्यास बिनचूक म्हणता येते. रचना घडते कशी, हे मात्र त्यास कोणी दाखविलेले नसते. स्वररचना ही केवळ दैवी देणगी होय, हा समज याच्या मुळाशी आहे. प्रतिभा शिकविता येत नाही, हे खरे. परंतु रचनेची मूलतत्त्वे निश्चितच शिकविता येतात.

पहिले तत्त्व रागाचे. सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांतून भूप होतो आणि देशकारही होतो. भूपाचा वादी गंधार, तर देशकाराचा धैवत. एकाचा भर पूर्वांगावर, दुसऱ्याचा उत्तरांगावर. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. सामग्री तीच, पण कोणत्या स्वरावर विसावायचे आणि कोणत्या स्वरास नुसता स्पर्श करून पुढे जायचे, या विवेकाने राग पालटतो. रचनेचा आरंभ या विवेकापासून होतो.

दुसरे तत्त्व तालाचे. त्रितालाच्या 16 मात्रांत पहिलीवर सम आणि नववीवर काल. छोट्या ख्यालाच्या अनेक बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात. त्यामुळे समेपूर्वी आठ मात्रांचा अवधी मिळतो आणि श्रोत्याचे मन समेची वाट पाहू लागते. त्या समेवर कोणते अक्षर यावे, हे रचनाकारास ठरवावे लागते. महत्त्वाचा शब्द तेथे आला की अर्थ उजळतो. शब्द भलत्याच जागी तुटला की तो विरतो.

तिसरे तत्त्व आकृतीचे. स्थायी प्रायः मंद्र व मध्य सप्तकात रागाची ओळख करून देते. अंतरा तार षड्जाकडे झेपावतो आणि पुन्हा स्थायीच्या मुखड्याशी येऊन मिळतो. निघणे, चढणे आणि परतणे, एवढा हा प्रवास आहे.

ही तत्त्वे सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांस फार मोठ्या प्रमाणात जाते. व्यवसायाने वकील असलेल्या या पुरुषाने घराण्याघराण्यांतील बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. एवढ्यावर न थांबता त्यांनी स्वतः लक्षणगीते रचली. रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर आणि गानसमय त्याच रागातील गीतात गुंफलेले असल्याने गाता गाता नियम कंठस्थ होतात. त्यांनी परंपरा जतन केली आणि तीत भरही घातली. पुढे कुमार गंधर्वांनीही 'अनूपरागविलास'मधून स्वरचित बंदिशी रसिकांपुढे ठेवल्या.

जुन्या बंदिशी पाठ केल्याच पाहिजेत; त्यांवाचून कान तयार होत नाही. परंतु त्या बंदिशीही कोणे एके काळी नव्याच होत्या. म्हणून प्रत्येक शिक्षकाने रागाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याकडून त्या रागात निदान चार ओळींची स्थायी बांधून घ्यावी. ती कच्ची असेल, सम निसटेल, एखादा वर्ज्य स्वर डोकावेल. तो दोष त्याच्याच रचनेत दाखवून दिला, तर आयुष्यभर विसरणार नाही. पालकांनीही मुलाने किती परीक्षा दिल्या, याबरोबरच त्याने स्वतः काय बांधले, हे आवर्जून विचारावे.