लेझीम कुणाच्या हातात?

(पुण्यात कार्यकर्त्या स्त्रियांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत अवघडून बसलेल्या दोघा-तिघा मित्रांनो,

मला विषय दिला होता ‘स्त्रिया आणि परंपरा’. विषय एवढा ऐसपैस आहे की त्यात काहीही बोलून वेळ मारून नेता येते. तसं करायचं नाही, म्हणून मी पिशवीतून एकच वस्तू आणली आहे. ही लेझीम. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या. शब्द फारसीतून आला. तिरंदाजीच्या सरावासाठी जे धनुष्य वापरत त्याचं हे नाव. म्हणजे ही मुळात लढवय्यांची वस्तू. तालमीत तिचा व्यायाम झाला, शाळेत कवायत झाली, मिरवणुकीत नाच झाला. वस्तू तीच, हालचालीही जवळपास त्याच. पण ती कुणाच्या हातात आहे यावर तिचं नाव बदलतं, आणि मान बदलतो.

माझ्या शाळेत 26 जानेवारीला लेझीम असायची. सातवीपर्यंत मी पहिल्या रांगेत होते, कारण माझा ताल चुकत नसे. आठवीत गेल्यावर सरांनी मुलींना बोलावून सांगितलं, आता तुम्ही मोठ्या झालात, तुम्ही रांगोळी आणि स्वागतगीत बघा. वाकायचं, उडी मारायची, पाय फाकून उभं राहायचं, हे मोठ्या मुलींना बरं दिसत नाही म्हणे. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “सरांचं बरोबर आहे.” मला राग कुणाचा जास्त आला, सरांचा की आईचा, ते अजून ठरलेलं नाही.

आता थोडं लांब जाऊ. न्यूझीलंडचा रग्बीचा संघ सामन्याआधी माओरी लोकांचा हाका करतो, तो तुमच्यापैकी पुष्कळजणींनी टीव्हीवर पाहिला असेल. मांड्यांवर थापा, पाय आपटणं, डोळे वटारणं, जीभ बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, हा अस्सल पुरुषी प्रकार. त्यातला सर्वांत प्रसिद्ध हाका म्हणजे ‘का माते’. तो साधारण 1820 च्या सुमारास ते रौपाराहा या माओरी सरदाराने रचला असं मानतात. त्याची कथा अशी : शत्रू मागे लागलेले, सरदार रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला, आणि खड्ड्याच्या तोंडावर ते रांगिकोआएआ नावाची बाई बसली. ती वर बसली म्हणून शत्रूच्या मंत्रतंत्राला तो सापडला नाही. बाईच्या देहाला असं अडवण्याचं सामर्थ्य असतं अशी तिथली श्रद्धा. जीव वाचल्यावर वर येऊन त्याने जो हाका म्हटला, तो आज साऱ्या जगाला पाठ आहे. वर बसलेली बाई किती जणांना माहीत आहे? आपल्याकडे बाईच्या त्याच देहाला विटाळ म्हणतात, हेही जाता जाता लक्षात घ्या.

माओरी स्त्रियाही हाका करतात. जीभ काढणं हा बहुधा पुरुषांचा भाग, पण डोळे मोठे करून समोरच्याला ललकारणं स्त्रियांचंही आहे. तिथला महिला रग्बी संघही सामन्याआधी स्वतःचा हाका करतो. दुसऱ्या महायुद्धात माओरी पलटण आफ्रिकेत आणि इटलीत लढली, तिच्याबरोबर हाका रणांगणावर गेला आणि आज तिथल्या लष्कराच्या मानवंदनेत तो असतो. इटलीच्या त्याच लढाईत आपले मराठा पलटणीचे जवानही होते. 1944 मध्ये यशवंत घाडगे आणि 1945 मध्ये नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथेच. साम्राज्याने दोघांचाही जोश वापरला, हे सांगायला कुणी विसरू नये.

पण हाका नुसता मानाने चालत आला असं नाही. ऑकलंडच्या विद्यापीठात अभियांत्रिकीची मुलं वर्षानुवर्षं गवताचे घागरे घालून, अंगावर घाणेरडं लिहून हाकाची टिंगल करत. अर्जविनंत्या करून थकल्यावर 1979 मध्ये माओरी तरुण-तरुणींनी त्यांची तालीम उधळली. मारामारी झाली, खटले झाले, आणि टिंगल बंद झाली. रग्बी संघसुद्धा बरीच वर्षं तो कसाबसा उरकत असे. 1987 च्या सुमारास वेन शेलफर्ड या माओरी खेळाडूने आग्रह धरला की करायचा तर नीट शिकून करू. 2014 मध्ये कायदा करून ‘का माते’चं श्रेय न्गाती तोआ या टोळीला देण्यात आलं. म्हणजे मैदानावर जे दिसतं त्याच्यामागे ‘हे कुणाचं’ हा झगडा आहे.

आणि नोव्हेंबर 2024 मधलं दृश्य तर बहुतेकींनी मोबाईलवर पाहिलंच आहे. हाना-राविती माइपी-क्लार्क, वय 22, न्यूझीलंडच्या संसदेतली सर्वांत तरुण सदस्य. 1840 च्या वायतांगी कराराचा अर्थ बदलू पाहणाऱ्या विधेयकाची प्रत तिने भर सभागृहात फाडली आणि हाका सुरू केला. पुढच्या जूनमध्ये तिला 7 दिवसांसाठी आणि तिच्या पक्षाच्या दोन नेत्यांना 21 दिवसांसाठी निलंबित करण्यात आलं. विधेयक मात्र त्याआधीच, एप्रिल 2025 मध्ये, मोठ्या मताधिक्याने पडलं होतं. ज्या देशाचा हाका विमानतळापासून विश्वचषकापर्यंत मिरवला जातो, तिथे तोच हाका एका मुलीने हक्कासाठी केला की शिस्तभंग.

आता आपल्या घरी या. जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपटाच्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले, आणि गदारोळ झाला. महाराजांना नाचवलं म्हणून. चार-पाच दिवसांत दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढून टाकल्याचं जाहीर केलं. राजाचं चित्रण कसं असावं यावर मतभेद असू शकतात, मी त्यात पडत नाही. मला अडकवून ठेवलं ते ‘नाच’ या शब्दाने. जी लेझीम आपण शाळाशाळांत राष्ट्रीय सणाला अभिमानाने खेळतो, ती राजाच्या हातात आली की एकदम नाच कशी होते? नाच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फडावरची बाई येते, 2005 मध्ये जिच्या पोटावर कायद्याने पाय दिला ती बारमधली मुलगी येते. त्या बायांना आपण इतकं खाली ठेवलं आहे की त्यांच्या कामाचं नावसुद्धा अपमान झालं आहे. पुरुषाच्या देहाला ताल धरण्याची लाज वाटते ती इथून.

याच्या उलटं उदाहरण शांताबाई पवारांचं. हडपसरच्या या 85 वर्षांच्या आजी जुलै 2020 मध्ये, टाळेबंदीत, रस्त्यावर लाठीकाठी फिरवताना दिसल्या आणि देशभर गाजल्या. मंत्री आले, नट आले, मदत आली. चांगलंच झालं. पण आजी डोंबारी समाजातल्या, लहानपणापासून हेच करत आलेल्या, आणि नातवंडांच्या पोटासाठी त्या वयात रस्त्यावर उतरलेल्या. तीच काठी कोल्हापूरच्या आखाड्यात फिरली की मर्दानी खेळ, लष्कराच्या मेळ्यात फिरली की वारसा, डोंबाऱ्याच्या बाईने फिरवली की पुढे भांडं ठेवावं लागतं. ‘मर्दानी’ या शब्दाबद्दल तर मी बोलतच नाही, तो शब्दच बोलतो आहे.

15 जानेवारी 2025 ला लष्कर दिनाचं संचलन आपल्या खडकीत झालं. त्यात लष्करी पोलीस दलातल्या अग्निवीर मुलींची तुकडी होती. त्याच वर्षी 30 मे रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तीही सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दार उघडायला लावलं म्हणून. मला आनंद झाला. युद्धाला माझा विरोध आहे आणि तरी आनंद झाला, ही विसंगती मी तुमच्यापासून लपवत नाही. पण पायदळात अजून बाईला जागा नाही. शिवाजी महाराजांच्या नावाचा जो जयघोष करून मराठा पलटण चढाई करते, तो आपण मिरवणुकीत करायचा, पलटणीत नाही.

मिरवणुकीतही तो सगळ्याजणींना करता येतो असं नाही. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत आज मुली खूप दिसतात. नऊवारी, फेटा, नथ, कमरेला ढोल. त्या सजावटीची चेष्टा होते, मी करत नाही. ढोल बांधून तासन् तास लक्ष्मी रस्त्यावर चालणं म्हणजे काय ते एकदा करून बघा. शिवाय सरावाच्या निमित्ताने रात्री दहापर्यंत बाहेर राहायची परवानगी मिळते, ती दुसऱ्या कुठल्याच कारणाने मिळत नाही. पण मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या मुलींना दोन महिने रोज संध्याकाळी सरावाला जाणं जमत नाही. त्यांना आईबरोबर धुण्याभांड्यांची कामं असतात. गेल्या वर्षी चौघीजणी वस्तीतल्याच मंडळाकडे लेझीम मागायला गेल्या. उत्तर मिळालं, “तुमच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार?” मंडळाच्या त्याच पोरांपासून सुरक्षितता हवी आहे, असं त्यातली एक तिथेच म्हणाली, आणि बोलणं संपलं.

मग आम्ही आपलं सुरू केलं. रविवारी सकाळी, पुलाखाली. हलगी वस्तीतल्या एक मावशी वाजवतात. त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती, पण वाजवायचे पुरुष, आणि गावात त्यांना देवळाच्या पायरीखाली उभं करत. मावशी पोरींबरोबर वाकून शिकल्या नाहीत, त्या ऐकून शिकल्या होत्या. आधी कागद पेटवून त्या धगीवर कातडं तापवतात, बोटाने टिचकी मारून आवाज बघतात, मग सुरू करतात. पहिल्या रविवारी त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं होतं. तिसऱ्या रविवारी पुलावरून कुणीतरी शिट्टी मारली तेव्हा त्या थांबल्या नाहीत, उलट लय दुप्पट केली, आणि पोरींची धावपळ उडाली.

माझ्या आईला मी हे दाखवायला घेऊन गेले होते. ती कठड्यावर बसून राहिली. निघताना म्हणाली, “त्या शेवटच्या मुलीचा डावा पाय उशिरा पडतो.” बरोबर होतं ते.

आमच्याकडे सध्या अकरा लेझिमी आहेत आणि मुली सोळा. कुणाच्या शाळेत, घरी माळ्यावर पडलेल्या असतील तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. साखळी गंजलेली असली तरी चालेल, ती आम्ही घासून घेतो.