रस्त्याची उंची



रस्ता हा व्याख्यानाचा विषय नव्हे, तक्रारीचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. पण आळीतला रस्ता एकदा उखडला की घरात, दुकानात आणि कट्ट्यावर दुसरे बोलणे उरत नाही. मग तेच बोलणे येथे जरा शिस्तीने केले तर काय बिघडले?

अशा वेळी रहिवासी आणि अधिकारी यांची बैठक भरते, ती बहुधा टेंडर निघून गेल्यावर. भिंतीवर नकाशा लावलेला असतो. इंजिनियर रुंदीचे आकडे वाचतात. दुकानदार विचारतो, "साहेब, गिऱ्हाइकाने स्कूटर लावायची कुठे?" म्हातारी मंडळी पदपथ मागतात. पदपथ निदान 1.8 मीटर मोकळा असावा असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन आहे, म्हणजे त्यांची मागणी काही चैनीची नव्हे. भाजीवाली मात्र दाराशीच उभी असते, कारण तिला बोलावलेलेच नसते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के जागा पथविक्रेत्यांना द्याव्या लागतात. जिला कायद्याने समितीत खुर्ची दिली, तिला आपण आळीच्या बैठकीत उंबऱ्याबाहेर ठेवतो!

तासभर वाद होतो तो रुंदीचा. उंचीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही, आणि आमच्या मते खरे दुखणे तेथेच आहे. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा घालायचा, ही रीत. खरवडण्याला वेळ लागतो आणि पैसाही लागतो, म्हणून पुष्कळदा थरावरच थर चढतो. दोनतीनदा असे झाले की ज्या वाड्याला तीन पायऱ्या चढून जावे लागे त्याची एकच पायरी उरते, आणि पुढे तीही जाते. चेंबरची झाकणे खड्ड्यात राहतात. पहिला वळीव कोसळला की रस्त्यावरचे पाणी गटाराकडे न जाता माजघराकडे वळते. मग तोच रहिवासी वॉर्ड ऑफिसात जातो, आणि "काम नकाशाबरहुकूम झाले आहे" असे उत्तर घेऊन परततो. उत्तर खोटे नसते, हीच त्यातली गंमत. नकाशा कागदावर सपाट असतो. त्यात आजीबाईंचा उंबरा दिसत नाही.

अधिकाऱ्यांनाच सारा दोष देणे आम्हांस मान्य नाही. रस्त्याखाली पाण्याचे नळ एका खात्याचे, ड्रेनेज दुसऱ्याचे, विजेच्या तारा तिसऱ्याच कंपनीच्या. रस्त्याच्या इंजिनियरला यांतल्या कोणालाही हुकूम करता येत नाही. डांबर वाळते न वाळते तोच चर खणणारे येतात, आणि शिव्या मात्र त्याला खाव्या लागतात.

चांगले काम आपल्याकडे होतच नाही, असेही नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1976 साली रेकॉन्डो या कंपनीने केला आणि दहा वर्षे खड्डा पडणार नाही अशी हमी दिली. तो दहा वर्षे तर टिकलाच, पण पुढे कित्येक पावसाळे त्याने तसेच काढले. पुणेकर त्याची गोष्ट अजून सांगतात. आम्हांला त्यात हमीचा कागद महत्त्वाचा वाटतो. आपल्या रस्त्याची हमी किती वर्षांची, हे बैठकीत किती जण विचारतात?

विचारायला जागा नाही, ही सबबही पुरी खरी नाही. 1993 साली अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची प्रथा सुरू झाली. सूचना आकडे ठरण्याआधी द्यायची असते. आपण जागे होतो ते रस्त्यावर खडी पडल्यावर.

आमची मागणी अगदी लहान आहे. टेंडर काढण्यापूर्वी इंजिनियरसाहेबांनी मोजणीची दुर्बीण घेऊन आळीत यावे आणि तयार रस्ता जेथवर येणार तेथे प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने एक रेघ ओढावी. बैठक सभागृहात न भरवता त्या रेघेपाशी, दारादारांतून भरवावी. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही स्वतःच्या उंबऱ्यापेक्षा रेघ वर आहे की खाली, हे वाचता येते. रेघ वर गेलीच, तर ती खाली कशी आणायची याचे उत्तर साहेबांनी तेथेच, त्या दारात उभे राहून द्यावे. भाजीवालीलाही त्या दिवशी कोणी बोलावणे धाडायला नको. ती तेथेच बसलेली असेल.